ट्रंकेतली पदकं, वर्दी आणि आठवणी : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

माजी सैनिकांच्या घरी जपलेल्या वस्तू आणि त्यांच्या आठवणी या विषयावर आम्ही प्रश्न मागवले होते. महूची छावणी हाकेच्या अंतरावर असल्यामुळे इंदूर परिसरातून सर्वांत जास्त पत्रं आली. संग्रहालयात वस्तूंची निगा राखणारे आणि माजी सैनिकांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करणारे, अशा दोघांनी मिळून ही उत्तरं दिली आहेत.

पणजोबांची पहिल्या महायुद्धातली तीन पदकं घरात आहेत. दोन काळी पडलीत, एकावर हिरवट थर आलाय. ब्रासोने घासून फ्रेम करावी असा विचार आहे. चालेल ना?
– एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर

घासू नका, ही कळकळीची विनंती. पॉलिशमध्ये बारीक कण असतात आणि ते दर वेळी धातूचा एक पातळ थर काढून नेतात. पदकाचा सर्वांत मोलाचा भाग म्हणजे त्यावरचं नाव. ब्रिटिश वॉर मेडल आणि व्हिक्टरी मेडल यांच्या कडेवर, तर १९१४-१५ स्टारच्या मागच्या बाजूला क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण इंग्रजीत उमटवलेली असते. दरवर्षी दिवाळीला घासलेल्या पदकांवर हीच अक्षरं आधी पुसट होतात. ती गेली की पदक कोणाचं हे सांगायला काही उरत नाही.

तेव्हा आधी वाचून घ्या. खोलीत अंधार करून टॉर्चचा उजेड एका बाजूने, जवळजवळ आडवा पाडा. अक्षरांच्या सावल्या पडतात आणि पुसट नावही दिसतं. पदक थोडं थोडं फिरवत फोटो काढा. अक्षरांत खडू किंवा पावडर भरू नका. हातात नायट्राइलचे मोजे घाला, कारण घामातल्या मिठाने बोटांचे ठसे धातूवर कायमचे उमटतात.

तीनपैकी ब्रिटिश वॉर मेडल सहसा चांदीचं असतं, त्यामुळे ते काळं पडणं स्वाभाविक आहे. तो काळा थर नुकसान करत नाही. (तेच पदक कांस्याचं निघालं तर नकली समजू नका. मजूर तुकड्यांतल्या आणि फौजेबरोबरच्या कामगार मंडळींना ते कांस्यात दिलं गेलं. घरात ‘आमचे पणजोबा लढले’ असं सांगत आले असतील आणि पदक कांस्याचं असेल, तर त्यांनी खेचरं हाकली असतील किंवा रस्ते बांधले असतील. तेही युद्धच होतं.)

हिरव्या थराकडे मात्र लक्ष द्यायला हवं. पदक प्लॅस्टिकच्या मऊ, वास येणाऱ्या पाकिटात होतं का ते आठवा. ते पीव्हीसी असतं. त्यातून तेलकट द्रव्य आणि आम्ल सुटतं आणि तांब्याच्या धातूंवर चिकट हिरवा कळंक चढतो. तो फक्त धातूवरून, कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हलक्या हाताने टिपता येतो. फितीला थेंबही लागू देऊ नका. हिरवा थर चिकट नसून फिकट, भुकटीसारखा असेल आणि पुसल्यावर पुन्हा येत असेल, तर तो धातू आतून खाणारा गंज आहे. पदक कोरड्या डब्यात ठेवून धातूसंवर्धकाला दाखवा.

ठेवायला घट्ट झाकणाचा पॉलिप्रोपिलीनचा डबा पुरतो. दर लिटरला २० ग्रॅम या हिशेबाने सिलिका जेल घाला, म्हणजे ५ लिटरच्या डब्यात १०० ग्रॅम. रंग बदलणारं, नारिंगी घ्या. ते हिरवं झालं की ११० अंशांवर दोन-तीन तास तापवून पुन्हा वापरता येतं. आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली राहिली पाहिजे. इंदुरात उन्हाळ्यात ते आपोआप होतं, श्रावणात मात्र काही केल्याशिवाय होत नाही. तळाशी लाल मखमल किंवा लोकरीचं फेल्ट घालू नका. लोकरीतल्या गंधकाने चांदी आणखी काळी पडते. धुऊन खळ काढलेलं मांजरपाट घाला.

पदकं एका पट्टीवर शिवलेली असतील तर सोडवू नका. तो क्रम आणि ते टाके त्या माणसाच्या हातचे असू शकतात.

पणजोबा होळकरांच्या फौजेत होते असं एक आजी सांगते, दुसरी म्हणते मराठा पलटणीत होते. खरं कसं शोधायचं?
– एक वाचिका, लोकमान्यनगर, इंदूर

सुरुवात पदकाच्या कडेपासून करा, घरातल्या गोष्टीपासून नको. तिथे मराठा पलटणीचा आकडा दिसला तर लक्षात ठेवा की १९२२ च्या पुनर्रचनेत सगळे क्रमांक बदलले. १०३ वी पलटण १/५ मराठा लाइट इन्फंट्री (म्हणजे पाचव्या रेजिमेंटची पहिली पलटण) झाली, ११० वी ३/५ झाली आणि ११७ वी ५/५ झाली. कागदावर ११० आणि घरच्या आठवणीत ‘तिसरी’ असेल, तर दोन्ही बरोबर असू शकतात. या तिन्ही पलटणी आजच्या इराकमधल्या कुत-अल-अमाराच्या वेढ्यात होत्या. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ असा तो वेढा चालला आणि शेवटी फौजेला तुर्कांना शरण जावं लागलं. म्हणून घरात ‘तुर्कांच्या कैदेत होते’ असं ऐकू आलं तर ते हसण्यावारी नेऊ नका.

युद्धात मृत्यू झाला असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर मोफत शोधता येतं. तिथे नावाचं स्पेलिंग आपल्या कल्पनेसारखं क्वचितच असतं. आडनाव सोडून द्या. वडिलांचं नाव, गाव आणि क्रमांक घालून पाहा.

होळकर फौजेसाठी दोन वाटा आहेत. संस्थान काळातले कागद मध्यप्रदेशच्या राज्य अभिलेखागारात शोधावेत. संस्थानं विलीन झाल्यावर इंदूरची पायदळ तुकडी १५ कुमाऊं झाली आणि ग्वाल्हेरची १४ कुमाऊं. म्हणजे कोणी विलीनीकरणानंतरही नोकरीत राहिलं असेल तर त्यांचे कागद कुमाऊं रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयाकडे, रानीखेतला विचारायचे. मराठा लाइट इन्फंट्रीसाठी बेळगाव. अर्जात सेवाक्रमांक, भरतीचं साधारण वर्ष आणि तुमचं नातं लिहा. नुसत्या नावावर शोध लागत नाही.

आमच्या वसाहतीतले सुभेदारसाहेब १९७१ च्या युद्धात होते. पंचाहत्तरी उलटलीय. त्यांच्या आठवणी रेकॉर्ड करून ठेवायच्या आहेत. कॅमेरा घेऊन थेट जावं का?
– एक वाचक, महू

आधी एकदा कॅमेऱ्याशिवाय जा. चहा घ्या आणि एका कागदावर त्यांच्याकडूनच टप्पे लिहून घ्या : भरती कधी, ट्रेनिंग कुठे, पलटण कोणती, कुठे कुठे पोस्टिंग, निवृत्ती कधी. पश्चिम आघाडी की पूर्व, हे तेव्हाच कळतं. १९७१ चं युद्ध ३ डिसेंबरला सुरू होऊन १६ डिसेंबरला पूर्वेकडच्या शरणागतीपर्यंत आलं. त्या दोन आठवड्यांचा ढोबळ नकाशा आपल्या डोक्यात असला की प्रश्न नेमके होतात आणि समोरच्यालाही कळतं की हा ऐकायला तयारीने आलाय.

मुलाखतीच्या दिवशी पंखा, कूलर, फ्रिज बंद ठेवा. हे तिन्ही आवाज सवयीने आपल्याला जाणवत नाहीत, पण माइक ते आधी पकडतो. कॉलरला लावायचा माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावा. मोबाइल वापरत असाल तर तो एअरप्लेन मोडवर टाका. ध्वनी वेव्ह स्वरूपात, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर घ्या. एका तासाला साधारण ५०० एमबी जागा लागते, तेवढी मोकळी आहे का ते आधी बघा. सुरुवातीला नाव, तारीख, ठिकाण आणि खोलीत कोण कोण आहे ते मोठ्याने बोला, मग २० सेकंद कोणी काही बोलू नका. खोलीचा हा रिकामा आवाज पुढे ध्वनी साफ करताना उपयोगी पडतो.

एका बैठकीत दीड तासापेक्षा जास्त नको. त्यापुढे ते थकतात आणि उत्तरं आखडती येतात.

त्यांच्या हातात एखादी वस्तू द्या : मेस टिन (फौजी जेवणाचा डबा), पट्टा, पत्र, पे-बुक. ‘युद्धाबद्दल सांगा’ म्हटलं की पंधरा ऑगस्टच्या भाषणातली वाक्यं येतात. तेच मेस टिन हातात असताना ‘यात काय खायचात? लंगर किती मागे असायचा? गरम मिळायचं का?’ असं विचारलं की बोलणं खंदकात उतरतं. पायात काय होतं, रात्री पांघरायला काय होतं, घरचं पत्र किती दिवसांनी पोचलं, असे प्रश्न विचारा. ‘किती शत्रू मारले?’ हा प्रश्न कधीच विचारू नका. तो अपमानकारक आहे आणि त्याने माणूस आत मिटतो.

उत्तर संपल्यासारखं वाटलं की मनात पाच अंक मोजा. पुष्कळदा खरी गोष्ट त्यानंतर येते. गळा दाटून आला तर घाईने विषय बदलू नका, त्यांनाच विचारा : ‘साहेब, थांबूया का?’ ठरवणं त्यांच्या हाती राहू द्या. मुलगा किंवा सून शेजारी बसून ‘बाबा, तसं नव्हतं’ म्हणत दुरुस्त्या करत असेल तर त्यांना दुसऱ्या खोलीत बसायची विनंती करा. काकूंची मात्र वेगळी मुलाखत घ्या. तार येईल का या धास्तीत घर कसं चाललं, पैसे किती यायचे, पत्र कोण वाचून दाखवायचं, हे फक्त त्यांनाच ठाऊक असतं. प्रदर्शनांतून हीच बाजू सर्वांत जास्त गायब असते, याचं वाईट वाटतं.

तारखा चुकतील. मध्येच टोकू नका. नंतर टिपेत लिहा. मराठी, हिंदी, फौजी शब्द जसे आले तसेच लिहून काढा. एका तासाच्या बोलण्याला लिखाणाचे पाच-सहा तास धरा.

संमतिपत्र मराठीत, एका पानाचं असावं : ध्वनिमुद्रण कुठे वापरणार, नाव द्यायचं की नाही, कोणता भाग किती वर्षं बंद ठेवायचा. सही मुलाखत संपल्यावर घ्या, कारण आपण काय बोललो ते तेव्हाच त्यांना माहीत असतं. आजही वापरात असलेली ठाणी किंवा संदेशवहनाच्या पद्धती यांचा उल्लेख आला तर तो भाग सार्वजनिक प्रतीत ठेवू नका. मूळ फाइलच्या तीन प्रती करा, दोन वेगवेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या घरी.

वडिलांची लोकरी वर्दी आहे. बारीक भोकं पडलीत. ड्रायक्लीन करून कपाटात टांगू का?
– एक वाचिका, सुदामानगर, इंदूर

ड्रायक्लीन नको, इस्त्रीही नको. वर्दीवरचे डाग, दुमडी, घरी मारलेले टाके ही माहिती आहे. ती एकदा गेली की गेलीच.

भोकं म्हणजे कसर लागलीय. पांढऱ्या धाग्यांची जाळी, टाकलेली केसाळ कात किंवा वाळूसारखी विष्ठा शिवणींत आणि कॉलरखाली दिसेल. डांबरगोळ्यांनी आत असलेल्या अळ्या मरतीलच असं नाही, आणि गोळ्या कापडाला लागल्या तर डाग पडतात. गोठवणं हा खात्रीचा उपाय. पदकं, बिल्ले, चामड्याचा पट्टा काढून ठेवा. वर्दी पातळ सुती कापडात गुंडाळून पॉलिथिनच्या पिशवीत घाला, हवा दाबून काढा, चिकटपट्टीने बंद करा. उणे १८ अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडू नका. लोक इथेच घाई करतात. थंड कापडावर हवेतलं पाणी जमतं आणि कसर जाऊन बुरशी येते.

नंतर व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडाला मच्छरदाणीची जाळी बांधून, सर्वांत कमी वेगावर धूळ ओढा. जुन्या वर्द्यांवर डीडीटीसारखी पावडर मारलेली असू शकते, तेव्हा मोजे आणि मास्क हवाच. खांदे मजबूत असतील तर हँगरला खांद्याच्या आकाराची जाड गादी शिवा. खांद्याची शिवण विरली असेल तर आडवी ठेवा आणि प्रत्येक घडीत कागदाची गुंडाळी घाला, म्हणजे घडी चिरत नाही.

आमचं मंडळ गणेशोत्सवात दहा दिवस माजी सैनिकांच्या वस्तूंचं प्रदर्शन भरवणार आहे. प्लायची कपाटं करून त्यात स्पॉटलाइट लावणार. काय काळजी घ्यावी?
– मंडळाचे एक कार्यकर्ते, टिळकनगर, इंदूर

हेतू चांगला आहे, मुहूर्त चुकतोय. भाद्रपदात इंदूरची हवा ओली असते आणि मंडपात उदबत्ती, कापूर, निरांजनाची काजळी, ओल्या छत्र्या आणि गर्दी. कागद, कापड आणि धातू या तिघांनाही हे घातक आहे. १६ डिसेंबरला, विजय दिवसाच्या सुमाराला, हवा कोरडी असते. तेव्हा सभागृहात भरवा. गणपतीतच करायचं असेल तर मूळ वस्तू घरी राहू द्या आणि मोठे फोटो, पत्रांच्या रंगीत प्रती आणि ध्वनिमुद्रणं ठेवा. मूळ आणि प्रत यांची सरमिसळ मात्र नको. प्रतीखाली ‘प्रत’ असं स्पष्ट लिहा.

प्लाय आणि एमडीएफमधून फॉर्मिक आणि अॅसेटिक आम्लाची वाफ सुटते. बंद कपाटात ती साठते आणि शिशावर, म्हणजे जुन्या गोळ्यांवर, पांढरी भुकटी येते. काच आणि पावडर कोटिंग केलेलं पोलाद वापरा. प्लायच वापरावा लागला तर आतून अॅल्युमिनियम फॉइलचा अखंड थर द्या आणि वर धुतलेलं सुती कापड. रंग दिला तर कपाट चार आठवडे उघडं ठेवून वाळू द्या. मांडणीच्या आदल्या रात्री रंग मारणं हा मंडळांचा नेहमीचा घोटाळा.

दिवे कपाटाच्या बाहेर असावेत. आत लावले की दिवसा तापतं, रात्री निवतं, आणि वस्तू रोज फुगते-आकसते. फिती, वर्द्या, पत्रं यांच्यावर ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजायचं एकक) जास्त उजेड नको. नाजूक रंगांसाठी वर्षाला १५,००० लक्स-तास ही मर्यादा धरतात. ५० लक्सवर रोज ८ तास, १० दिवस म्हणजे ४,००० लक्स-तास झाले. ५०० लक्सचा स्पॉटलाइट लावला तर तेवढ्याच दिवसांत ४०,००० होतात, अडीच वर्षांहून जास्त वाटा एका उत्सवात संपला. उजेड मोजायला लक्समीटर भाड्याने आणा. मोबाइलवरचं अॅप अंदाजापुरतं ठीक.

वस्तू घेताना दोन प्रतींत पावती करा : वर्णन, आधीपासून असलेले ओरखडे-डाग, चारही बाजूंचे फोटो, परतीची तारीख. क्रमांक कागदी चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहून सुती दोऱ्याने बांधा, वस्तूवर स्टिकर लावू नका.

पाटीवरचा मजकूर ६०-७० शब्दांचा, मराठी आणि हिंदीत, मोठ्या ठशात. कपाटाचा तळ ८५-९० सेंटिमीटर उंचीवर ठेवा, म्हणजे चाकाच्या खुर्चीतून आलेल्या माजी सैनिकालाही दिसतं. पाटीचा एक नमुना देतो : ‘मेस टिन, अॅल्युमिनियम. १९७१, पूर्व आघाडी. आतल्या बाजूला चाकूच्या टोकाने कोरलेली दोन अक्षरं. मालकाच्या सांगण्यानुसार ही अक्षरं त्यांची नाहीत. धावपळीत डबे बदलले आणि सोबत्याचा डबा त्यांच्याकडे राहिला.’ यात ‘सांगण्यानुसार’ हा शब्द महत्त्वाचा. डोळ्यांना दिसतं ते वेगळं आणि माणूस सांगतो ते वेगळं, हे पाहणाऱ्याला कळलं पाहिजे.

पदकांच्या पाट्यांवर फार चुका होतात. रक्षा मेडल (१९६५) आणि संग्राम मेडल (१९७१) त्या काळात सेवेत असलेल्यांना व्यापक प्रमाणावर दिली गेली. समर सेवा स्टार, पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार हे त्या त्या रणक्षेत्राशी बांधलेले आहेत. नुसतं संग्राम मेडल पाहून ‘आघाडीवर लढलेले’ असं लिहू नका.

आजीने जपलेली फौजी पत्रं लॅमिनेट करू का?
– एक वाचिका, उज्जैन

नाही. उष्णतेने चिकटलेलं प्लॅस्टिक पुन्हा निघत नाही. चिकटपट्टीही नको. घड्या हळूच उघडून ६०० डीपीआयवर स्कॅन करा, पाकिटासकट, कारण ५६ किंवा ९९ एपीओचा (आर्मी पोस्ट ऑफिसचा) पत्ता आणि फील्ड पोस्ट ऑफिसचा शिक्का पाकिटावर असतो. मग आम्लमुक्त कागदात आडवी ठेवा. खाजगी मजकूर प्रदर्शनात लावण्याआधी घरातल्या सगळ्यांना विचारा.

आजोबांनी आणलेली पितळी पुंगळी आम्ही फुलदाणी म्हणून वापरतो. त्याच पेटीत बाँबसारखी एक लोखंडी वस्तू आणि अंधारात चमकणारं होकायंत्र सापडलं.
– एक वाचक, देवास

ती लोखंडी वस्तू हलवू नका, घासू नका, ‘इतकी वर्षं काही झालं नाही’ म्हणून उचलून दाखवू नका. जुनी स्फोटकं काळाबरोबर अस्थिर होतात. घर रिकामं करा आणि ११२ वर फोन करा. ती निकामी आहे की नाही हे बॉम्बशोधक पथकच ठरवेल. रिकाम्या पुंगळीच्या बुडाशी असलेल्या टोपीवर पिनेचा खड्डा नसेल तर तीही त्यांना दाखवा.

त्या काळच्या चमकणाऱ्या तबकडीत बहुधा रेडियम असतं. चमक मंद झाली तरी रेडियमचा अर्धायुकाल १,६०० वर्षांचा आहे. काच फुटलेली असेल तर झिपच्या पिशवीत बंद करा, उघडून दुरुस्त करू नका, झोपायच्या खोलीत ठेवू नका. दुसऱ्या महायुद्धातले गॅस मास्क सापडले तर मुलांना तोंडाला लावू देऊ नका, काहींच्या गाळणीत अॅस्बेस्टॉस असतं. संगीन, तलवार किंवा बंदूक असेल तर प्रदर्शनाआधी जिल्हाधिकारी कार्यालयात परवान्याबद्दल लेखी विचारा.

मुलं परदेशी. या सगळ्या वस्तू संग्रहालयाला द्यायच्या आहेत. कुठे आणि कशा?
– एक निवृत्त अधिकारी, महू

पायदळाशी संबंध असेल तर तुमच्या गावातलंच इन्फंट्री म्युझियम आधी गाठा, नाहीतर तुमच्या रेजिमेंटचं केंद्र. वस्तू एकेकट्या देऊ नका. पदकं, पत्रं, फोटो आणि मुलाखतीचं ध्वनिमुद्रण एकत्र द्या आणि फोटोंच्या मागे मऊ पेन्सिलीने नावं लिहा. फोटोतला डावीकडून तिसरा कोण, हे आज फक्त तुम्हालाच सांगता येईल. संग्रहालय काही गोष्टी नाकारेल, त्यांच्याकडे तशाच वर्द्या पुष्कळ असतात. विचारून घ्या : नोंदवहीतला क्रमांक मिळेल का, वस्तू मांडणार की भांडारात ठेवणार, कुटुंबाला पाहायला मिळेल का. आणि पुढे कधी वस्तू संग्रहातून काढायची झाली तर आधी कुटुंबाला विचारावं, ही ओळ दानपत्रात आग्रहाने घालून घ्या.